तेजसच्या पेटीतले चाकू

कोथरूड,
शुक्रवार

प्रिय ऋतिका,

अनेक आशीर्वाद. गेल्या रविवारी तू इथेच होतीस, येत्या रविवारी पुन्हा येशील, मग मधेच म्हाताऱ्याला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. समोर बसून काही बोलायचं ठरवलं की मला नेमका चहा गाळायला उठावंसं वाटतं, हे तू पाहिलेलं आहेस. फोनवर मी हवा आणि गुडघे यांच्या पलीकडे जात नाही. म्हणून कागद घेतला. आमच्या सोसायटीत पोस्टमन येतो तो विम्याच्या नोटिसा घेऊन; तुमच्या हिंजवडीच्या त्या उंच इमारतीत स्पीड पोस्टाने टाकलेलं हे पत्र उद्या शनिवारीच तुझ्या हाती पडलं तर पोस्टाचा सत्कार करायला हवा.

मंगळवारी तुझ्या आईचा अमरावतीहून फोन आला होता. आधी माझ्या तब्येतीची चौकशी करत राहिल्या, मग एकदम रडायला लागल्या. तुझ्या ऑफिसातल्या शुभंकरने तुला लग्नाचं विचारलं आहे, मुलगा समजूतदार आहे, त्याच्या आईलाही तू मनापासून आवडतेस, आणि तू मात्र सगळ्यांना एकच उत्तर देऊन थांबवलं आहेस, की तेजसची चाकूंची पेटी बाबांबरोबर लावून झाली की सांगते. ‘तुम्हीच सांगा न तिले, तुमचंच आयकते ते,’ असं म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तू मला यातलं अक्षरही बोलली नाहीस याचा राग नाही आला. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे खरं आहे. एकीकडे तुझ्यासाठी बरं वाटत होतं आणि एकीकडे आपले रविवार आता संपणार असं वाटत होतं. या वयात दोन्ही एकदम झालं की माणसाला काहीच सुचत नाही.

तर पेटीबद्दलच लिहितो. तेजसला जुन्या चाकूंचं वेड कॉलेजात लागलं आणि त्याला खतपाणी मीच घातलं. माझा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं बनवण्यात गेला, पोलाद म्हटलं की मी विरघळतो. तो जुन्या बाजारातून रुमालात काहीतरी गुंडाळून आणायचा आणि त्याची आई, प्रेमला, दारातच विचारायची, आज कोणाचा खून करून आलास? चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण होतं, हा तिचा नियम. त्यामुळे तो चाकू टेबलावर ठेवायचा, मग मी उचलायचो, आणि मग आम्ही दोघं तासभर भांडायचो. ती गेल्यावरही आम्ही तो नियम पाळला आणि भांडणंही पाळली. चिठ्ठी लाव, कुठला आहे, केव्हाचा आहे ते लिहून ठेव, असं मी हजारदा सांगितलं असेल. तो म्हणायचा, ‘बाबा, मी रिटायर झालो की आपण दोघं निवांत बसून लावू.’ त्याचं ते वय होईपर्यंत मी कुठून असणार होतो, हा हिशोब त्याने केलाच नाही. आणि मग डेंग्यूने तो आठवड्याभरात गेला. तुमचं लग्न होऊन तेव्हा धड दोन दिवाळ्या झाल्या नव्हत्या.

तो गेल्यावर तू इथून ऑफिसजवळ राहायला जावंस असा हट्ट मीच धरला. ती पत्र्याची पेटी तू बरोबर नेलीस, तेव्हा मला वाटलं होतं की ती आता माळ्यावर जाईल. तर पुढच्या रविवारी तू रुमालात बांधून पाच-सहा चाकू घेऊन हजर. म्हणालीस, बाबा, मला यातलं काही कळत नाही, शिकवा. आणि पहिल्याच दिवशी भांड्यांच्या घासणीने एक पातं लख्ख करून आणलंस, शिक्क्यासकट. कसला ओरडलो मी तुझ्यावर! पात्याच्या मुळाशी असलेला तो शिक्का म्हणजे चाकूचं नाव-गाव, ते गेलं की काही उरत नाही, असं काय काय बोललो. तू रडलीस. मग मीही रडलो. ते रडणं चाकूसाठी नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं, पण तेजस गेल्यापासून आपण दोघं पहिल्यांदाच एका खोलीत बसून रडलो, आणि त्यानंतर मला जरा झोप लागायला लागली.

शिकलीस मात्र झपाट्याने. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसली तर मुठीला हाड आहे. अंगठ्याने घासून कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. शिक्क्यात गावाच्या नावापुढे देशाचं नाव असेल तर चाकू नंतरच्या काळातला. नखाच्या खाचेत नख अडकवून पातं उघडायचं आणि मिटताना स्प्रिंगचा आवाज ऐकायचा, हे तर तू माझ्यापेक्षा मन लावून करतेस. इंग्लंडातल्या शेफील्डचा म्हणून तेजसने छातीशी धरलेला तो चाकू नकली आहे, हे तू ओळखलंस आणि मला सांगायला घाबरत होतीस. मला ते कधीचंच माहीत होतं. त्याच्या आनंदावर पाणी कशाला ओतायचं म्हणून मी गप्प बसलो होतो.

आता खरं सांगायचं ते सांगतो. संक्रांतीनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की रुमालातून निघणारे चाकू बदललेत. कोणी काय जमवलं यावरून जमवणाऱ्याचा स्वभाव दिसतो. तेजसला भपका आवडायचा. पाती जितकी जास्त तितका चाकू भारी. बूच काढायचा स्क्रू, कात्री, चिमटा, सगळं एकात हवं. एकपाती, साधा, लहान चाकू त्याने कधी हातात धरला नाही. आणि आता दर रविवारी टेबलावर येत होते ते नेमके तसेच. पेन्सिलीला टोक करायचे, फळ कापायचे, एखादा मूठ झिजलेला, कोणाच्या तरी खिशात वर्षानुवर्षं राहिलेला. मी मनाशी म्हटलं, असतील पेटीच्या तळाशी, पोराची आवड बदललीही असेल. मग एक दिवस एक चाकू नाकाशी नेला आणि सांध्यातून खोबरेल तेलाचा वास आला. अगं, माझा मुलगा चाकूच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाशिवाय काही घालणार नाही. खोबरेल थंडीत गोठतं, चिकट होतं, हे त्याला शाळेत असल्यापासून माहीत होतं. डोक्याचं तेल चाकूला लावणारं आपल्या घरात एकच माणूस आहे.

तरी खात्री हवी म्हणून त्याच सुमारास एका बुधवारी सकाळीच रिक्षा करून जुन्या बाजारात गेलो. दशरथ अजून त्याच जागी पोतं अंथरून बसतो. मला पाहून उठून उभा राहिला, तेजसची आठवण काढली आणि म्हणाला, ‘काका, सूनबाई येतात की दर बुधवारी दुपारच्या. हिंजवडीवरनं बसनं येतात. लई बारीक नजर हाय त्यांची, मला फसवू देत नाहीत.’ मी त्याला हसून दाखवलं आणि परतीच्या रिक्षात डोळे पुसत बसलो. पेटी संक्रांतीच्या आसपासच रिकामी झाली होती, हो ना? अर्ध्या दिवसाची रजा टाकून, धुळीत उकिडवं बसून तू चाकू शोधत होतीस, रविवारी म्हाताऱ्यापुढे ठेवायला.

हे कळल्यावर मी लगेच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तू समोर ठेवायचीस, मी उचलायचो, आणि तेजसला हा कुठे मिळाला असेल बरं, असं म्हणायचो. तूही म्हणायचीस, कोण जाणे. त्याने कधी न पाहिलेल्या वस्तूंवरून आपण दोघांनी मिळून त्याच्या आठवणी तयार केल्या. तू हे माझ्यासाठी करतेस की तुलाही त्याला सोडवत नाही, ते मला ठरवता आलं नाही. दोन्ही असेल. मला तर एवढंच कळत होतं की रविवार आहे, बेल वाजणार आहे, आणि माझ्या घरात पुन्हा दोन कप भरणार आहेत. गेल्या रविवारी तू शिंपल्याच्या मुठीचा तो छोटा चाकू आणलास ना, तो फार उत्तम आहे. तेजसने तो पोत्यावरच सोडून दिला असता. तुझी नजर त्याच्यापेक्षा चांगली झाली आहे, आणि याचा मला इतका अभिमान वाटतो की ते त्याला सांगता येत नाही याचं नव्याने वाईट वाटतं.

तुझ्या आईचा फोन आला नसता तर मी हा खेळ असाच चालू ठेवला असता, माझा भरवसा नाही. पण तू शुभंकरला पेटीचं नाव सांगून थांबवलं आहेस, आणि जुन्या बाजारातले चाकू काही संपायचे नाहीत. म्हणून हे पत्र. पेटी लावून झाली, ऋतिका. या रविवारी इकडे येऊ नकोस. शुभंकरच्या आईचा नंबर मी तुझ्या आईकडून घेतला आणि काल त्यांना फोन केला. त्या तुला रविवारी जेवायला बोलावणार आहेत. तू येशील असं मी तुला न विचारता सांगून टाकलं आहे. जा. तुला तो आवडत असेल तर हो म्हण, नसेल आवडत तर नाही म्हण, पण माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस. तेजसवर तू केलंस तेवढं प्रेम पुरे आहे, त्याचा बाप म्हणून सांगतो. होकार दिलास तर लग्न साधं, नोंदणी पद्धतीने करा, आणि तुझ्या बाजूच्या साक्षीदारांत एक सही माझी असू दे, एवढंच मागतो. तिथे कोणी नातं विचारलं तर मुलगी आहे म्हणून सांगेन. नंतर घरी येऊन रडायचं की काय, ते माझं मी बघेन.

तुझाच,
बाबा