फळा कुणाच्या नावे नाही

मी, खाली सही करणारी माया शिवराम उबाळे, वय बाहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त शिक्षिका, राहणार अंबरनाथ पश्चिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. वृंदा पाटणकर यांनी दिला आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, असंही लिहायची पद्धत आहे. दबाव आहे, पण तो या कागदासाठी नाही, फळ्यासाठी आहे. त्याबद्दल कलम तीन पाहावे.

कलम १. राहते घर, पुढच्या खोलीसह, माझा एकुलता मुलगा विक्रांत याला. तो सोनिवलीला नव्या इमारतीत राहतो आणि इथे परत येणार नाही, हे मला माहीत आहे. विकायचं तर खुशाल विकावं.

कलम २. बँकेतली ठेव नातू सोहमच्या शिक्षणाला. त्याला परदेशी जायचं आहे. पासपोर्टच्या चौकशीला विक्रांतला बोलावून पोलिसांनी विचारलं, "तो फळा तुमच्या आईचाच ना?" पासपोर्ट अजून आलेला नाही. तेव्हापासून विक्रांत फळा उतरव म्हणून मागे लागला आहे. "आई, तुझं लिहून होतं, भोगायचं आम्ही." त्याला मी भित्रा म्हणत नाही, बाप आहे तो. पण राग येतो, तो इथे नोंदवून ठेवते.

कलम ३. पुढच्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीवरचा फळा माझ्या मिस्टरांनी, आयुध निर्माणीत नोकरीला असताना, स्वतः लावला. रोज सकाळी ते लिहायचे, त्यांच्यामागे मी लिहिते. जयंतीची मिरवणूक, कोणाचं निधन, आणि एखादा प्रश्न. "बारवी धरण भरलं, नळ का कोरडे?" असं लिहिलं की पूर्वी नगरसेवक भांडायला यायचा, चहा पिऊन जायचा, कधीकधी पाणीही यायचं. रिक्षावाल्याला 'फळ्यापाशी' म्हटलं की पुरे होतं.

आता भांडायला कोणी येत नाही, नोटीस येते. फळ्यावरचा प्रत्येक मजकूर आधी चौकीत दाखवून मंजूर करून घ्यावा, अन्यथा कारवाई. कोणी मंत्री यायचे असले की मला सकाळीच चौकीत नेऊन बसवतात, ते गेले की सोडतात. वागतात अदबीने. एक हवालदार माझाच विद्यार्थी, तो पंख्याखालची खुर्ची देतो. समोरच्या खांबावर कॅमेराही बसवला आहे. चोऱ्या मागच्या गल्लीत होतात, कॅमेरा फळ्याकडे बघतो. लोक आता मान न वळवता, चालता चालता वाचतात. पत्ता सांगताना 'मेडिकलच्या बाजूला' म्हणतात. विक्रांतही तसंच सांगतो.

हा फळा मी कुणाच्याच नावे करत नाही. जो लिहील त्याचा. वकील म्हणाले, "बाई, हे कायद्यात बसत नाही." म्हटलं, ती नोटीस तरी कुठे बसते?

कलम ४. माझं शिलाई मशीन पुढच्या खोलीत शिवणकाम करणारी माझी भाडेकरू भावना शेलार हिला. तिचं मशीन जुनं झालंय, सारखा दोरा तोडतं. (हे कलम रद्द. कारण खाली दिले आहे.)

कलम ५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. निधनाची बातमी फळ्यावर अशी लिहावी: "माया शिवराम उबाळे यांचे निधन झाले. अंत्ययात्रा फळ्यापासून निघेल. नळाला पाणी अजून नाही." हा मजकूर चौकीत दाखवू नये. मेलेल्या बाईवर नोटीस कशी बजावतात ते बघायला मी नसेन, एवढीच हळहळ.

साक्षीदारांविषयी. दोन लागतात. डॉ. वृंदाताई तयारच होत्या. दुसरे म्हणून शेजारचे शरदचंद्र सबनीस यांना विचारलं. फळ्याचे सगळ्यात जुने वाचक, काना-मात्रा चुकली तर दार वाजवून सांगणारे. म्हणाले, "हात फार थरथरतो हो हल्ली." संध्याकाळी ते कट्ट्यावर कॅरम खेळत होते, राणी एका फटक्यात घेतली. मला राग आला नाही, वाईट वाटलं. आणखी एका शेजाऱ्याने माझं नाव वाचलं आणि मग चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं.

भावना ब्लाऊजला हूक लावत हे ऐकत होती. म्हणाली, "मी करते ना सही." मी सांगितलं, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी बजावलंय, तुझं मशीन जाईल.

"मग मशीन खोडा, बाई. आणि ते निधनाचं पण मीच लिहीन. माझं अक्षर चालेल ना?"

चौथीत याच अक्षराला मी सगळ्या वर्गासमोर नावं ठेवली होती. चालेल म्हटलं. रडू आलं, म्हणून आत जाऊन चहा टाकला.

येणेप्रमाणे माझी इच्छा. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि पुढे करायचा विचार नाही.

(सही) माया शिवराम उबाळे
स्थळ: अंबरनाथ
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:

१. (सही) डॉ. वृंदा पाटणकर. पत्ता: दवाखाना, स्टेशन रोड, अंबरनाथ पश्चिम.

२. (सही) भावना तुकाराम शेलार. धंदा: शिवणकाम. पत्ता, स्वतःच्या अक्षरात: फळ्याच्या मागची खोली, अंबरनाथ पश्चिम.