पांढऱ्याचा वाटा

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधी खुशाली. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, केससुद्धा कापलेत. फोनवर तुझी गोड बातमी ऐकली आणि मी नुसतं "वा वा" करून सशांचंच सांगत बसलो. मामा होणार म्हणून याला काही आनंदच नाही, असं तुला वाटलं असेल. तीनदा तोंड उघडलं गं, जमलं नाही. म्हणून हे पत्र.

सध्या एका बाईंकडे ससे सांभाळतो. चौथी नोकरी, हसू नकोस. खोलीच्या खिडकीतून मालगाड्या दिसतात, परवा एका गाडीवर नुसत्या खुर्च्याच... ते राहू दे. मालकीणबाई प्रत्येक पिंजऱ्यावर पाटी टांगतात. त्यावर खडूने चार घरांची चौकट, वर बापाचे दोन ठिपके, बाजूला आईचे दोन, आणि प्रत्येक घरात दोघांचा एकेक. भरीव ठिपका राखाडी रंगाचा, पोकळ पांढऱ्याचा. एक जरी भरीव असला तरी ससा राखाडीच दिसतो, पोकळ आत दडून राहतो. असे दडवलेले पोकळवाले दोन राखाडी जोडले, की चारातल्या एका घरात दोन्ही पोकळ येतात. ते पिल्लू पांढरं. शाळेत मास्तर हेच शिकवत होते म्हणे, मी तेव्हा मैदानावर असणार.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला सगळी राखाडीच पिल्लं हवी होती. आमच्या एका जोडीला पहिल्या खेपेला चार झालेली, त्यात एक पांढरं. मी छातीठोकपणे म्हटलं, "हिची पुढची खेप बिनधास्त घ्या. पांढऱ्याचा वाटा देऊन झालाय."

परवा पाच झाली. तीन पांढरी.

"भटक्या, वाटा संपतो हे तुला कुणी सांगितलं?" मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"चारात एक ना? मग एक झालं की!"

"अरे वेड्या, प्रत्येक पिल्लाची चिठ्ठी नव्याने निघते. आधीच्याला काय निघालं, त्याच्याशी पुढच्याला काय करायचंय?"

गिऱ्हाईक हसलं. मी पिंजरा झाडत राहिलो. झाडून झालेलाच पुन्हा झाडला, ताई.

आता नीट लिहितो. आपला धाकटा पिटू गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, त्याच्या रक्ताचा आजार आई-बाबा दोघांमध्येही दडलेला आहे. भाऊजी आपल्या आत्याचेच, म्हणजे रक्ताच्या नात्यातले, म्हणून लग्नाआधी डॉक्टरांनी तुझं रक्त तपासायला लावलं. तुझ्यात नसेल तर प्रश्न मिटला, असेल तर भाऊजींचंही तपासायचं. रिपोर्ट आणायला मी गेलो आणि दारातूनच ओरडलो, "सगळं स्वच्छ!" तू ओल्या हातांनी माझे गाल ओढलेस.

स्वच्छ नव्हतं. तुझ्यातही तो ठिपका आहे.

लग्न आठ दिवसांवर आलेलं. किती वर्षांनी घरात कुणी गुणगुणत होतं. मी मनाशी म्हटलं, चारात एक, आणि तो एक आमच्या पिटूने घेतला. आता कुणाला होणार नाही. खरंच असं वाटलं होतं. तरी नंतर तुझ्याकडे बघवेना. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तुम्ही म्हणता, मीही म्हणू दिलं.

भाऊजींना उद्याच घेऊन जा. त्यांच्यात नसेल तर बाळाला हा आजार व्हायचा नाही. असेल तर पोटातल्या बाळाचंही तपासता येतं, मी इथल्या दवाखान्यात विचारून आलो, पण दिवस थोडे आहेत. रिपोर्ट सोबत आहे. कागद मळलाय, दोन वर्षं पिशवीच्या तळाशी होता. भाऊजींना माझं नाव सांग. तू लपवलंस असं त्यांना क्षणभरही वाटायला नको.

ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती पत्र देतोय, दुपारपर्यंत पोचेल. आईला मात्र काही बोलू नकोस, तिला मी सांगेन. शनिवारी येतोय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी पायरीवर बसेन.

मोठ्या बहिणीकडे आशीर्वाद मागून पत्र संपवायचं असतं. या वेळी मागत नाही.

तरी तुझाच,
भाऊ