आईच्या ओळीतले चौकोन

१ जानेवारी, बुधवार

प्रणालीने पुण्याहून पाठवलेली वही आज उघडली. पानांवर रेघा नाहीत, नुसते ठिपके. याला बुलेट जर्नल म्हणतात. लेकीने फोनवर तासभर शिकवलं. काम लिहिलं की ठिपका, झालं की फुली, नाही झालं की बाण काढून पुढच्या महिन्यात ढकलायचं. रोजच्या सवयींना महिनाभराचे चौकोन, ज्या दिवशी केलं त्या दिवशीचा रंगवायचा. मागची पानं असं काहीबाही लिहायला.

"ही वही कोणाला दाखवायची नाही हं आई. फक्त तुझ्यासाठी."

अंगणवाडीत वीस वर्षांपासून अकरा रजिस्टरं भरते, आता ही बारावी. पण वही देखणी आहे, खोटं कशाला बोलू.

सवयी चार लिहिल्या: चालणे, पाणी आठ ग्लास, वाचन, आईची बीपीची गोळी. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे. दोन महिन्यांच्या साठ गोळ्या घाटंजीहून आणून तिच्या डब्यात ठेवल्या.

१३ जानेवारी, सोमवार

अंगणवाडीत पोरांच्या वजनाचा आठवडा. पोरं रडतात, ॲप फिरत बसतं. घरी आले तर पाय सुजलेले. हे राजूरला, खाणीवर. पंधरा दिवसांनी येतील. वही उघडलीच नाही. चार तारखेनंतर सगळे चौकोन कोरे.

पाणी प्यायले का आज? आठवत नाही. चहा प्यायले.

३१ जानेवारी, शुक्रवार

महिनाअखेर. अंगणवाडीची रजिस्टरं पूर्ण केली, मग त्याच बसणीत ही वही ओढली आणि अख्खा महिना रंगवून टाकला. वीस मिनिटांत. हात बसलेला आहे. चालण्यात पाच चौकोन कोरे सोडले, पाण्यात तीन. सगळं भरलेलं दिसलं की मुख्यसेविका मॅडम शंका घेतात, म्हणून आम्ही नेहमीच थोडं सोडतो. वेगवेगळ्या दिवशी भरलंय असं दिसावं म्हणून मधेच पेनही बदललं.

आईच्या ओळीत मात्र एकही सोडला नाही. स्वतःच्या आईची गोळी चुकली असं कोण लिहील? आणि घेतलीच असेल. रोज निघताना विचारते, "आई, गोयी घेतली?" ती म्हणते, "हो, घेतली." मी तोवर दाराबाहेर असते.

मॅडम ही वही कधीच तपासणार नाहीत हे सगळं भरून झाल्यावर लक्षात आलं. हसू आलं जरा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

थकले. बी.ए.च्या राहिलेल्या पेपराचा फॉर्म, पुढे बाण. दाताचा डॉक्टर, बाण. आईला चष्मा, बाण. पान बाणांनीच भरलं आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

परत तेच. अठ्ठावीस चौकोन, आईची ओळ पूर्ण. प्रणालीने फोटो मागितला होता, पाठवला. "आई, तू तर माझ्याहून भारी निघालीस," असा मेसेज. बरं वाटलं, हे कबूल करते.

४ मार्च, मंगळवार

सकाळी आईच्या नाकातून रक्त. भांडी घासत होती, पदर लाल झालेला, तरी भांडी सोडेना. रिक्षा करून यवतमाळला नेलं. बीपी एकशे नव्वदच्या वर.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज चालू आहे का? पिशवीत वही होती. मी काढून दाखवली. का दाखवली कोण जाणे. कोणी विचारलं की रजिस्टर पुढे करायचं, ही वीस वर्षांची खोड.

त्यांनी जानेवारी, फेब्रुवारी दोन्ही पानं नीट पाहिली. नर्सला बोलावून दाखवलं. "असा रेकॉर्ड ठेवणारे नातेवाईक हवेत." मग म्हणाले, "एवढी नियमित घेऊनही बीपी इतकं, म्हणजे ही गोळी पुरत नाही. डोस वाढवतो, सोबत दुसरी देतो." दोन आठवड्यांनी बोलावलं आहे.

मी वही परत पिशवीत ठेवली. वाटलं, घेतच तर होती.

६ मार्च, गुरुवार

नव्या गोळ्या ठेवायला आईचा डबा उघडला. तळाशी जुन्या. तीन अख्ख्या पट्ट्या आणि एकीत चार. चौतीस.

साठ आणल्या होत्या. एव्हाना संपून नव्या आणाव्या लागायला हव्या होत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वहीत एकोणसाठ चौकोन रंगवलेले आहेत. मी. माझ्या हाताने.

आईला विचारलं. पदराशी खेळत म्हणाली,

"त्या गोयीनं घडीघडी लघवीले जा लागते. विहारात वंदनेले बसलो का मधातूनच उठा लागते. बाया पाह्यते. म्हनून बाहेर जायचं असलं का नाई घेत."

"मंग मले कायले सांगितलं घेतली म्हनून?"

"तू कुठी थांबत होती आयकाले."



८ मार्च, शनिवार

कालपासून गोळ्या मी स्वतः देते. दोन्ही. समोर बसून, तोंड उघडून दाखवायला लावून. आई चिडते. मी नाही हटत. दोन महिन्यांची भरपाई करायची आहे. तिच्या ओळीत कालचा नि आजचा चौकोन रंगवला. या ओळीतले पहिले खरे दोन चौकोन.

डॉक्टरांना फोन करावा असं मनात आलं होतं. काय सांगू? नर्ससमोर केलेली तारीफ, नातेवाईक कसे असावेत, ते सगळं... सोमवारी करीन. म्हणजे बाण.

१२ मार्च, बुधवार

सोमवारी केला नाही. सर्वेक्षण आलं.

आई म्हणते डोकं हलकं हलकं वाटते. म्हटलं, बीपी उतरतंय, चांगलं आहे. हे आले आहेत. प्रणालीने फोटो सगळ्या आतेबहिणींना पाठवला म्हणे. "वहिनी, तुमच्यासारखं जमलं पाहिजे," नणंदेचा फोन. मी हो हो केलं. स्वतःचीच लाज वाटली, पण हो हो केलं.

१५ मार्च, शनिवार

आई सकाळी उंबऱ्यात पडली. उठून दार उघडायला गेली आणि तिथेच बसकण मारली, मग आडवी. डोळे पांढरे. ह्यांनी उचललं. मी तिचे पाय चोळत बसले.

उपकेंद्रातली सिस्टर आली, बीपी पाहिलं. वरचं शहाण्णव. म्हणाली, "ताई, किती मोठा डोस हाये हा. याच्याआधी कोणती गोयी रोज घेत होते ते?"

रोज.

सिस्टरने दवाखान्यात फोन लावला. तिथून सांगितलं, दोन दिवस गोळ्या बंद, रोज बीपी पाहा, सोमवारी घेऊन या. डॉक्टर आधीचा सगळा रेकॉर्ड पाहून पुन्हा ठरवतील.

आईची ही अवस्था मी केली. न घेण्यात तिची चूक असेल, पण या डोसावर तिला मी नेऊन ठेवलं. आता त्याच चौकोनांवरून परत ठरवतील, आणि परत चुकेल.

१६ मार्च, रविवार

आईला सगळं सांगितलं. एका बसणीत रंगवले हे पण. तिला वाचता येत नाही, पण पान हातात घेऊन पाहिलं.

"एकाच दिवशी भरले एवढे?"

"हो."

"मंग मी बी खोटं सांगत होतो, तू बी खोटं लिहत होती. दोघी सारख्याच." हसली. मग वही परत देत म्हणाली, "डॉक्टरले नोको सांगू. त्यायनं नर्सच्या सामने तुयी तारीफ केली. औषध जास्त झालं म्हनावं, बस."

म्हटलं, आई, मग पुन्हा ते चुकीचं देतील तुला.

"मी पाह्यतो ना काय घ्याचं ते."

हेच तर नको आहे. वरण-भात केला, झोपलो.

१७ मार्च, सोमवार

दवाखाना, यवतमाळ. बाकावर बसून लिहिते आहे. पावणेदोन तास झाले. सकाळी बीपी एकशे अठ्ठावीस, आई बरी आहे, केळं खाल्लं.

मघाशी तीच नर्स आली. "मॅडम, ती वही आणली ना? सर आज दोघांना सांगत होते तुमच्या वहीचं." बाजूच्या बाकावरचा माणूस वळून माझ्याकडे पाहायला लागला. मी नुसतीच मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही.

जानेवारी-फेब्रुवारीच्या पानांवर आडवी रेघ मारून खाली लिहायचं ठरवलं होतं, "साठपैकी चौतीस घेतल्या नाहीत." सकाळपासून तीनदा पान उघडलं. अजून मारली नाही. वीस वर्षांत भरलेल्या रजिस्टरावर कधी रेघ मारलेली नाही, कसं लिहितात तेही माहीत नाही.

आमच्या आधी एकच नंबर आहे. आईने पिशवीचं तोंड उघडून धरलं आहे. म्हणते, "वही इकडं दे, माह्या पिशवीत राहू दे. इसरलो म्हनू." हात पुढे करून बसली आहे, आणि मी याच वहीत हे लिहिणं संपवत नाही.