वत्सला मॅट्रिक, सुशीला योगात पास

५ जून १९७८
कमल, गेल्या खेपेला तू चष्मा इथं विसरलीस. तो शोधा म्हणून पत्र लिहिलंस आणि ते पाकिटात घालायचंही विसरलीस. उमरेडहून रिकामं पाकीट आलं. तेव्हाच ठरवलं, तुझ्या भरवशावर राहायचं नाही. रोजचं रोज वहीत लिहवून ठेवायचं. दिवाळीला आलीस की वाच.
बोलते मी, लिहिते तुझी वहिनी, सुशीला. वाचून दाखवते तेव्हा माझं बोलणं धुऊन इस्त्री केल्यासारखं वाटतं. असो.
बातमी अशी की सुशीलाला शाळेत मुलांना योग शिकवायचा आहे. गल्लीतली पोरं अंगणात जमवून शिकवतेच. पोरं मांजर होतात, साप होतात. मी म्हटलं, "ते तर आधीपासूनच आहेत वं, तू नवीन काय शिकवलं?"
हसली. हसली ते लिहायला तयार नव्हती, लिहवलं.

८ जून
शाळेच्या मोठ्या बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, शिकवा खुशाल. पण शाळा उघडायच्या आत कागद मंजूर करून आणा, नाहीतर तो तास कवायतीच्या मास्तरांकडे जाईल.
कागद म्हणजे मॅट्रिकचं सर्टिफिकेट, योगवर्गाचं सर्टिफिकेट, डॉक्टरचा दाखला, चांगल्या वागणुकीचा दाखला. हा शेवटचा देणार कोण, तर एक साहेब. त्यानं हिला जन्मात पाहिलं नाही. सासूला कुणी विचारत नाही. मी दिला नसता, ते वेगळं. (पुसू नको.)
डॉक्टरनं जीभ पाहिली आणि तंदुरुस्त लिहून दिलं. योग जिभेनं करतात वाटतं.

१२ जून
सुशीला शिक्षणखात्याच्या हापिसातून आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली. मग बोलली.
बाबू म्हणाला, "बाई, ही वत्सला मॅट्रिक आहे, पण तिले योग येत नाही. ह्या सुशीलाले योग येते, पण ती शाळेतच गेली नाही. दोघींतून शिकवणार कोण?"
खरंच की. मॅट्रिक झाली माहेरी, खाप्याला, तेव्हा वत्सला. योगाचा वर्ग केला इथं, लग्नानंतर. तो सुशीलानं.
रात्री मधूला विचारलं, "तुले कोणती पाहिजे?" म्हणाला, "आई, मले चहा पाहिजे." तुझा भाऊच तो.

१३ जून
कमल, आठवतं का, नाव का बदललं? नाहीच आठवणार. माझी जाऊ वत्सला. एका घरात दोन वत्सला म्हणजे एक हाक मारली की दोघी धावणार. सुशीला नाव तूच सुचवलंस. तुझ्या वर्गातली कोणी गोरीगोमटी. जाऊबाई पुढच्याच वर्षी वेगळ्या निघाल्या. मग नाव परत फिरवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.
हिच्याही नाही? विचारलं. म्हणते, "पुढं सांगा, लिहून राहिली मी."

१५ जून
सुशीलाला घेऊन मीच गेले हापिसात. बाबू म्हणाला, नाव बदलल्याचा पुरावा पाहिजे.
"होता ना. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या ताटात तांदूळ पसरले, त्यात मधूनं अंगठीनं नाव लिहिलं. सगळ्यांनी पाहिलं."
"ते कुठं आहे आता?"
"खाल्लं गा. दुसऱ्या दिवशी भात केला."
सगळं हापिस हसलं. सुशीला सोडून. मग बाबूच नरमला. कोर्टाजवळ जा म्हणाला, दोघी एकच आहेत असा कागद करा.

१९ जून
कोर्टाजवळ झाडाखाली टाइपवाला. त्यानं विचारलं, "दोघींले ओळखते कोण?" मी म्हटलं, "मी. पाटावर बसली ते वत्सला, उठली ते सुशीला. मी तिथंच होती." अंगठा दिला. पहिला नीट उठला नाही, चुलीनं गुळगुळीत झाला आहे. दुसरा उठला.
पण पुढे घोडं अडलं. यापुढे नाव कोणतं, ते लिहावं लागतं. सुशीला म्हटलं तर मॅट्रिकचा कागद बदलायला वर्ष जाईल. वत्सला म्हटलं तर योगवर्गवाले दुसऱ्या दिवशी नवं सर्टिफिकेट देतात. म्हणजे प्रश्नच नाही. तरी ही म्हणाली, पुढच्या सोमवारी सांगते.
का? मला काही कळलं नाही.

२२ जून
हिचा भाऊ खाप्याहून शाळेचा दाखला घेऊन आला. दारातून ओरडला, "वत्से! कुठं आहे वं?" ही पोळी तव्यावर टाकून अनवाणी धावली. अशी धावताना मी हिला कधी पाहिलं नव्हतं. पोळी करपली, मी उलटली.
जेवताना तो म्हणाला, "जवसाची चटणी अजून तेवढीच लागते का हिले? लहानपणी भाजी सोडे, चटणी नाही."
आपल्या घरी जवस येतच नाही, माझ्या दातांत अडकतो म्हणून. कधी बोलली नाही ही.
मी तर अंगठा देऊन बसले, दोघी एकच म्हणून. आता मलाच...
राहू दे.

२५ जून
उद्या सोमवार. पिशवीत सगळे कागद, नावाची जागा कोरी. मोठ्या बाईंचा निरोप आला, उद्यापर्यंतच वाट पाहीन.
मी विचारलं, "काय ठरवलं वं?" पेन थांबलं. मग म्हणाली, "वत्सला लिहिलं, तर तुम्ही हाक कोणत्या नावानं माराल?"
मी म्हटलं, "मी तर नुसतं 'वं' म्हणते. तेवढ्यानं येतेच ना तू?"
हसली नाही. रुसलीही नाही. मला हिचं तोंड वाचता येत नाही, अक्षरांसारखंच.
दिवाळीपर्यंत थांबवत नाही. वही उद्याच्या एस.टी.नं पाठवते. परतीच्या गाडीनं जवसाची चटणी पाठव. वाटीभर नको, डबा भरून, लसूण जास्त घाल. माझ्या दातांचं मी पाहीन. आणि डब्यावर कुणाचं नाव टाकू नको.