व्याह्यांचं कार्ड माझ्या खिशात

भावनगर, श्रावण वद बारस

राजमान्य व्याहीसाहेब प्रद्युम्नराय यांस हरसुखराय बूचचा सादर जय हाटकेश.

आम्ही सगळे मजेत. तुमची तब्येत मी विचारत नाही, कारण तुमची लेक (म्हणजे आमची सून ऋता) रोज तीनदा फोन करून ती विचारते आणि चहाबरोबर आम्हाला ऐकवते. पायाला मुंग्या येतात, कमरेचा एमआरआय झाल्याशिवाय ऑपरेशनचं ठरत नाही, आणि छातीतल्या पेसमेकरचं कार्ड हरवल्यामुळे राजकोटच्या डॉक्टरांनी तुम्हाला दारातून परत पाठवलं, हे सगळं मला पाठ आहे. त्या कार्डाबद्दलच लिहायला बसलोय. पण आधी मन मोकळं करू द्या.

खरं सांगतो, पेसमेकर बसल्यापासून तुम्ही मला डोळ्यांसमोर नकोसे झालात. (राग मानू नका. पूर्वी मुलीकडचे म्हणून जरा वाकून असायचात, तेव्हा फार आवडायचात.) परवा सातम-आठमच्या सणाला आलात, तर झोपाळा तुम्हाला, पंखा तुमच्याकडे. सातमेला आमच्याकडे चूल पेटत नाही, सगळे आदल्या दिवशीचं गार खातात. पण "बापुजींना गार सोसणार नाही" असं ऋता म्हणाली म्हणून तुमच्यापुरता गॅस पेटला, आणि शीतळामातेची माफी मागायला मला पाठवलं! माझी कंबर नऊ वर्षं दुखतेय. तिची दखल एवढीच, की आमच्या सौ. चंद्रिकाबेन म्हणतात, "प्रद्युम्नभाई बघा, छातीत यंत्र घेऊन हसतात. तुम्ही नुसत्या कमरेवर रडता!" आणि ते तुमचं कार्ड! मॉलच्या दारात शिपाई तपासायला आला की तुम्ही ते असं काढता, जणू दिल्लीहून फर्मान आलंय. शिपाई बाजूला होतो, आणि मी मागे हात वर करून उभा.

तर ते कार्ड मी घेतलं. तुमची बंडी झोपाळ्यावर होती, तुम्ही घोरत होतात. फक्त बघायला घेतलं. परत ठेवायचं राहून गेलं (आणि मग तुम्ही राजकोटला निघून गेलात, यात माझी काय चूक?).

शुक्रवारी माझाही कमरेचा एमआरआय होता. तुमचा होणार म्हटल्यावर मी हट्टानं ठरवून घेतला. फॉर्मवर "शरीरात काही यंत्र आहे का?" याला मी प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं. मग किल्ल्या, चष्मा, कवळी काढायला सांगितली. खिसा रिकामा करताना कार्डही टेबलावर आलं. (आलं म्हणजे मीच ठेवलं, जरा दिसेल असं.) टेबलामागची मुलगी ताडकन उठली. "काका, पेसमेकर आहे आणि 'नाही' लिहिलंत? आत एवढा मोठा लोहचुंबक आहे!" व्याहीसाहेब, पुढची वीस मिनिटं! खुर्ची आली, पाणी आलं, दोन डॉक्टर आले. एक म्हणाले, हृदयाच्या डॉक्टरांना बोलवा, एमआरआयपुरती यंत्राची चाल बदलावी लागेल. नऊ वर्षांत माझ्याकडे एवढ्या माणसांनी एकदम पाहिलं नव्हतं. मी कवळीशिवाय मंद हसत बसलो.

मग सदरा काढला. डावीकडे खूण नाही, उजवीकडे गाठ नाही. मोठ्या डॉक्टरांनी कार्डावरचं नाव वाचलं, फॉर्मवरचं वाचलं आणि म्हणाले, "काका, हा माणूस कुठे आहे? कुठलं यंत्र, कुठल्या तारा, हे कळल्याशिवाय त्याला आत कोण घेईल? तुम्ही त्याचा इलाज खिशात घालून फिरताय." फार लाज वाटली, प्रद्युम्नभाई. तुमचे पाय बधिर होतायत आणि मी पाणी पीत बसलो होतो.

आपला,
हरसुखराय

ता.क. कार्ड याच पाकिटात आहे. पाकीट उद्या सकाळच्या एसटीच्या पार्सलनं पोचेल. ऋताला सांगा, बंडीच्या अस्तरात सापडलं. अस्तर थोडं उसवून ठेवा.

ता.क. २. एमआरआय झाला की यंत्राची चाल पुन्हा पहिल्यासारखी करतात म्हणे. ती केल्याशिवाय तिथून उठू नका. तुम्हाला भिडेपोटी उठायची सवय आहे.

ता.क. ३. झोपाळा घ्या, पंखा घ्या. माझं खरं मागणं निराळं आहे. आपली नात पंक्ति तुमच्या छातीला कान लावते, "नानांचं यंत्र बोलतंय" म्हणते आणि तशीच झोपते. मी तिचा दादा, म्हणजे बापाचा बाप, शेजारी बसून बघतो. मी डॉक्टरांना विचारलं. ते यंत्र बोलत नाही, ती ऐकते ते नुसतं हृदय. हे तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, दादा जळतात. आणि एवढं सांगा, की दादांनी मोठ्या डॉक्टरांकडून तपासून घेतलंय, हृदय दादांकडेही आहे.