परिषदेचे बळद आणि पाचवा पंच

मी, माणिकराव वल्द चंद्रभान गिराम, धंदा शेती, राहणार पोखर्णी, जिल्हा परभणी, आज बाजेवर पडल्या पडल्या हे मृत्युपत्र सांगत आहे आणि आमच्या परिषदेचे चिटणीस दत्तोपंत ते लिहून घेत आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे, असे वैद्यबुवांनी नाडी धरून सांगितले. भुजंग रनेर म्हणतो की ती शाबूत असल्याचा पुरावा त्याला आजवर मिळालेला नाही. परंतु तो साक्षीदार आहे, वैद्य नव्हे. मी कोणाच्याही दबावाखाली नाही. छातीवर कफाचा दाब आहे तेवढाच.

कलम १. राहते घर, दोन म्हशी आणि आडाजवळचे चिंचेचे झाड माझी पत्नी मनकर्णा हिला. चिंचा भुजंगाच्या अंगणात पडतात म्हणून त्या त्याच्या होत नाहीत, हे येथे कायमचे नमूद करतो.

कलम २. खालचा मळा मुलगा बन्सीधर याला. तो हैदराबादेस नोकरीला आहे आणि पत्रात शेतीविषयी फार चांगले लिहितो. त्याने एकदा तरी येऊन मळा कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.

कलम ३. माझी छत्री दत्तोपंतांना. ती गेली चार वर्षे त्यांच्याकडेच आहे. आता निदान हक्काने वापरतील. (हे लिहिताना दत्तोपंत खोकले. त्यांना कफ नाही.)

कलम ४. आता मुख्य बाब. घरादाराला वारस असतो, परिषदेला तो शोधावा लागतो.

ज्या साली पावसाने दोनदा पेरायला लावले आणि निम्म्या गावाच्या घरी मूठभर बी उरले नाही, त्या साली आम्ही ‘पोखर्णी परोपकारी कृषी परिषद’ काढली. ज्याला पिकेल त्याने सुगीत पायलीभर बी परिषदेच्या बळदात, म्हणजे देवळाशेजारच्या खोलीतल्या भिंतीच्या कोठारात, घालावे. ज्याच्याकडे नसेल त्याने मृगाआधी फुकट न्यावे. नेणाऱ्याला जात विचारायची नाही आणि परत कधी देतोस तेही विचारायचे नाही. हुरड्याच्या दिवसांत नरसिंहाच्या देवळापुढे मंडप घालून परिषद भरते. पालम-जिंतुराकडचे लोक गाड्या जुंपून येतात, खताची आणि बियाण्याची चर्चा ऐकतात, हुरडा खातात, आणि घरी गेल्यावर हुरडा कसा होता ते सांगतात.

कारभाराला पाच पंच ठरले. वरच्या आळीचे दोन: मी आणि दत्तोपंत. खालच्या आळीचे दोन: माझ्या आडापलीकडून जिची हद्द लागते तिथला भुजंग, आणि दगडाबाई, ज्या आपली जमीन स्वतः कसतात आणि सभेत झोपतात, पण मत देताना जाग्या असतात. पाचव्यावर गाडे अडले. वरच्या आळीचा खालच्यांना नको, खालच्या आळीचा वरच्यांना नको आणि गावाला तिसरी आळी नाही. तेव्हा भुजंग चिडून ओरडला, “मग त्या सोन्याला करा की पंच!” सोन्या हा परिषदेचा लालकंधारी वळू. गावच्या गाईंना तो धर्मादाय, आणि त्याची सोयरीक दोन्ही आळ्यांत सारखीच. कोणाला हरकत सुचेना. परिषदेच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव. कचेरीने सभेच्या परवानगीसाठी पंचांची नावे मागवली, तेव्हा दत्तोपंतांनी ‘सोन्या वल्द लालकंधारी, धंदा परोपकार’ असे लिहून दिले. परवानगी आली.

मते सारखी पडली की सोन्यापुढे कडब्याच्या दोन टोपल्या ठेवतात. तो जिच्यात तोंड घालील ती बाजू जिंकली. पहिल्याच वेळी, मंडपाचे तोंड कुठे करायचे या प्रश्नावर, सोन्या भुजंगाच्या टोपलीत शिंगांपर्यंत घुसला. तळाशी गूळ निघाला. त्या साली मंडपाचे तोंड मावळतीला झाले आणि सगळी परिषद डोळे मिचकावत बसली. हे मी विसरलो नाही आणि मेल्यावरही विसरायचा विचार नाही. तेव्हापासून दोन्ही टोपल्या दगडाबाई आधी चाखून पाहतात.

सभेत बोलायचे तर हाती तिफणीचे चाडे हवे, हीही आमची रीत. बी ओतायचे ते लाकडी चाडे ज्याच्या हाती, तोच बोलेल. भुजंगाने एकदा ते न्याहारीला घेतले ते दिवेलागणीला सोडले. मधले जेवण त्याने एका हाताने केले.

कलम ५. परिषदेच्या नियमांतली नववी अट मी भुजंगासाठी केली होती. तो प्रत्येक सभेत रागारागाने राजीनामा द्यायचा आणि पंगतीला परत यायचा. म्हणून ठरवले की पंचांच्या बहुमताशिवाय कोणालाही पंचपद सोडता येणार नाही. सातवी अट अशी की पाच पंच हजर असल्याशिवाय बळदाचे तोंड फोडायचे नाही, कारण दोन्ही आळ्यांना वाटे की दुसरी आळी आपल्या पाहुण्यांना बी वाटून टाकील. आणि नवा पंच नेमायलाही पाच जण हजर लागतात. या साऱ्या अटी आम्ही फार विचार करून केल्या. आपल्यातला कोणी मरेल, हे मात्र कोणाच्याही डोक्यात आले नाही.

आता मी मेलो तर चार उरतात. चौघांना बळद उघडता येत नाही आणि पाचवा नेमताही येत नाही. बी भिंतीत राहील, मृग निघून जाईल, आणि ज्यांच्या घरी काही नाही ते पोते घेऊन दाराशी उभे राहतील. मला मरणाची भीती वाटत नाही, या गोष्टीची वाटते. रात्रीची झोप तिनेच गेली आहे, कफाने नव्हे.

म्हणून आज मी बाकीच्या चारही पंचांना घरी बोलावले आहे. सोन्या अंगणात आहे. माझी विनंती अशी की माझा राजीनामा मंजूर करावा आणि माझ्या जागी मनकर्णेला घ्यावे. बळदात कोणाचे बी किडके आणि कोणाचे चांगले, हे तिला वासावरून कळते. भुजंगही तिच्यापुढे आवाज चढवत नाही.

कलम ६. चाडे परिषदेचे असले तरी ते घडवून मी दिले, म्हणून सांगतो की ते यापुढे मनकर्णेने सांभाळावे. बोलायला तिला त्याची गरज कधीच पडली नाही.

कलम ७. भुजंगाला गुळाची एक ढेप. त्याने ती उघड्यावर, लोकांदेखत खावी.

वरील मजकूर वाचून दाखवला, ऐकला, कबूल आहे.

माणिकराव चंद्रभान गिराम (सही)
मुक्काम पोखर्णी, माघ वद्य तृतीया, शके १८६२, फसली १३५०

साक्षीदार:
१. दगडाबाई. अंगठ्याची निशाणी.
२. भुजंग वल्द सटवाजी रनेर. सही हरकतीसह.

चिटणिसाची नोंद, सभेचा वृत्तान्त म्हणून याच कागदावर:

राजीनाम्याचा ठराव माणिकरावांनी मांडला, मी अनुमोदन दिले. भुजंगरावांनी चाडे हाती घेतले आणि म्हणाले, “माणक्या, आमाला सोडून कुठं जायलास? नववी अट तूच केलीस नव्हं? मी न्हाई हात वर करणार.” दगडाबाई म्हणाल्या, “मी बी न्हाई.” मते दोन-दोन.

टोपल्या ठेवल्या. दगडाबाईंनी चाखल्या, गूळ नव्हता. सोन्याला सोडले. त्याने दोन्ही टोपल्या ओलांडल्या, ओसरीवर चढला आणि माणिकरावांच्या बाजेशी येऊन त्यांचा हात चाटत उभा राहिला. हाकलल्यावरही हलला नाही. माणिकराव म्हणाले, “अरे, मत दे की!” आणि रडले. भुजंगरावांनी तोंड फिरवून चिंचेकडे पाहिले.

ठराव तहकूब.

मग भुजंगरावांनी दुसरा ठराव मांडला: “वहिनींना घ्या की पंच. पर तुज्या जागी न्हाई, माणक्या. तुज्या शेजारी. सहा पंच करा, म्हंजी एखादा कमी झाला तरी बळद उघडतंय.” पाचही पंच हजर. चार हात वर, सोन्याची हरकत नाही. मंजूर. एकमताचा हा परिषदेतला दुसरा ठराव.

तहकूब ठरावासाठी पुढची सभा मृगाच्या आदल्या दिवशी, बळदापाशी. माणिकरावांनी हजर राहणे सक्तीचे आहे.