खिडकीतलं कोपर

१० फेब्रुवारी, मंगळवार

चष्मा शोधते आहेस? डोक्यावर आहे. काल पर्स विसरलीस, परवा रिकामा डबा न्यायला विसरलीस, आणि वर म्हणे, आजी, तुलाच आठवत नाही! असो. लिही.

वहीबाई, अक्षर माझ्या नातीचं, तोंड माझं. एका जागी टिकत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी. मला वाचता येत नाही याचा फायदा घेऊन तिने मध्येच स्वतःचं काही घुसडलं, तर पाप तिला!

आज डॉक्टर येऊन गेले. ह्यांच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले. मग मला बाहेर बोलावलं. "आजी, आता दवाखान्यात हलवण्यात अर्थ नाही. घरीच ठेवा. मागतील ते द्या."

जन्मभर रेल्वेत ड्रायव्हर म्हणून इंजिनावर उभं राहून धूर खाल्ला. आता तो हिशेब चुकता करतोय.

आत आले तर हे विचारतात, "काय म्हणाला?"

म्हटलं, "म्हणाला, नवरा हट्टी आहे."

"एवढं कळायला नळी लागली त्याला?"

हसले. मग खोकले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मागतील ते द्या म्हणाले — आणि ह्यांनी मागितलं काय, तर इंजिन!

भिंगरीचीच करणी. सुनेने पाठवलेला जेवणाचा डबा ठेवता ठेवता बोलून गेली — रविवारी वाफेचं जुनं इंजिन शेवटचं धावणार, मग कायमचं संग्रहालयात. तिला गाड्यांच्या फोटोंचं वेड. हे उशी सोडून उठून बसले. "मला ने."

संध्याकाळी सून, भिंगरीची आई, तिच्या घरून धावत आली. "बाबा, जिना तरी उतरवेल का तुम्हाला?"

"उतरेन. चढायचं नंतर बघू."

खरं सांगते, मलाही हवंच होतं. ह्यांचा धड एक फोटो नाही घरात. ओळखपत्रावरचा आहे, पण त्यात चोर पकडून आणल्यासारखे दिसतात. लोकांनी ह्यांच्या इंजिनाचे ढिगाने फोटो काढले. त्यात हे कुठे? तर खिडकीत कोपर!

मी तरी दुसरं काय पाहिलं? रुळांच्या वळणाला लागून आमचं रेल्वेचं क्वार्टर. ह्यांची गाडी दारावरूनच जायची. वळणावर शिट्टी — एक लांब, दोन आखूड. म्हणजे घरी येतोय, भात टाक. मी भात टाकून बाहेर पळायची, तोवर कोपर पुढे गेलेलं.

भिंगरीला म्हटलं, "मला एकच फोटो दे. इंजिन हवं आणि चेहरा हवा. कोपर नको. आणि शब्द काय तो आत्ताच दे, नंतर नको."

"दिला, आजी."

१४ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांनी मुलाकडून दाढी करवून घेतली. लग्नातसुद्धा एवढी गुळगुळीत नव्हती!

१५ फेब्रुवारी, रविवार

दमले आहे, पण सांगून टाकते.

सकाळी भिंगरीच्या गाडीत निघालो. हे पुढे, मी मागे डबा मांडीवर घेऊन. ह्यांना दात नाहीत म्हणून सून सगळं कुस्करून देते — बटाटे, अंडं, सगळं. भात तेवढा मोकळा.

आधी पुलाजवळ थांबलो. इंजिन आलं तेव्हा वारा फिरला आणि सगळा धूर आमच्यावर! भिंगरीच्या फोटोत नुसता कापूस. हे मात्र नाक वर करून धूर ओढतायत. म्हटलं, "पुरे, डॉक्टर मला फाडून खाईल!"

मग गाडीच्या पुढे निघायला भिंगरीने मोटार अशी हाणली की माझी माळ पाठीवर गेली. पुढे रेल्वेचं फाटक बंद! आमच्यापुढे एक लांबलचक ट्रक. ज्या गाडीमागे धावतोय तिच्यासाठीच फाटक बंद, आणि ट्रकच्या वरून दिसतंय काय, तर धुराची शेपटी! भिंगरी स्टिअरिंगवर डोकं आपटत होती. हे म्हणाले, "पोरी, सावकाश. पुढे इंजिन पाणी घ्यायला थांबतं. वळणावर चल."

वळण म्हणजे आमचं वळण. क्वार्टर पाडलंय. ओटा तेवढा उरलाय. त्यावर बसले तर ढुंगणाला जुनी ओळख पटली!

तिथे कॅमेरेवाल्यांची रांग. त्यातल्या एकाने प्रेमाने विचारलं, "आजोबा, कधी बसला होतात का वाफेच्या गाडीत?"

"बसायला कुठे मिळालं? उभाच होतो."

भिंगरीने ह्यांना रुळांच्या कुंपणाशी उभं केलं. स्वतः, गाडी जिकडून येणार त्या बाजूला जरा लांब गेली. इंजिन तिच्यापुढून ह्यांच्याजवळ येणार, हे मान वळवून इंजिनाकडे बघणार, की तिला दोन्ही मिळणार. ह्यांच्याकडून दोनदा मान वळवून घेतली. शहाण्या मुलासारखी वळवली.

शिट्टी आली. जमीन हलली.

भिंगरी ओरडतेय, "आजोबा, इकडे! इंजिनाकडे बघा! आजोबा!"

आणि हे? कुंपणाच्या खांबावर कोपर टेकवून, इंजिनाला पाठ करून, पुढे रुळांकडे बघतायत! डबे गेले, शेवटचा डबा गेला, तरी मान हलली नाही.

भिंगरी तणतणत आली. "काय हे, आजोबा! एवढं सांगून!"

हे ओशाळले. "सिग्नल बघत होतो गं. इंजिनावर असताना इंजिनाकडे कोण बघतं? नजर पुढेच जाते."

मी म्हटलं, "मग काय दिसलं पुढे?"

"वाट मोकळी आहे." जरा दम घेतला. "आणि तू गं? तू तरी पाहिलंस का?"

तेव्हा कुठे मी माझ्या हाताकडे पाहिलं. डबा उघडा, झाकणात भात वाढलेला, हातात चमचा! शिट्टी ऐकली आणि मी खाली वाकले. अख्खी गाडी डोक्यावरून गेली, मला पत्ता नाही!

मग हसलो. ह्यांना हसणं झेपेना. ओट्यावर बसवलं, पाठ चोळली. भात दोन घास खाल्ला.

घरी मुलाने आणि शेजाऱ्याने खुर्चीत बसवून वर आणलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरीने फोटो आणला. वाचता येत नाही मला, पण फोटो येतो. इंजिन आहे. त्याच्या खिडकीत नव्या ड्रायव्हरचं कोपर. कुंपणावर ह्यांचं कोपर. चेहरा नाही. खाली माझं टाळकं आणि डबा.

भिंगरी रडायला लागली. "आजी, मी कबूल केलं होतं."

म्हटलं, "रडू नकोस, वही भिजते." पुन्हा जायचं म्हटलं तरी इंजिन नाही, आणि हे खाली उतरणार नाहीत. दोघींना माहीत आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जेवण सुटलं. चमच्याने पाणी तेवढं.

दुपारी झोपेत ह्यांचा उजवा हात वर गेला. काहीतरी खाली ओढत होते. एकदा लांब. मग दोनदा आखूड.

मी उठले आणि भात टाकला. डबा भरलेला होता तरी टाकला. शिजला. ताट घेऊन बसले. हे उठले नाहीत. मग मीच खाल्ला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भिंतीवर कोपराचाच फोटो लाव. चेहरा ज्यांना हवा असेल त्यांना ओळखपत्र दाखव.

आणि आईला सांग, उद्यापासून डबा एकाचा. भात नको, तो मी इथे टाकीन. बटाटे कुस्करू नकोस म्हणावं. मला दात आहेत.